साडेअकरा पौंडांचा विद्यार्थी
बाबासाहेबांचे विद्यापीठातील दिवस

१४ एप्रिल असो की ७ नोव्हेंबर, आपल्या विद्यालयात मुलांची भाषणे सुरू झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : बाबासाहेब दररोज अठरा तास अभ्यास करीत. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. गेली अनेक वर्षे मी हे वाक्य पहिल्या रांगेत बसून ऐकत आलो आहे. ते खोटे नाही. परंतु वसतिगृहात राहणाऱ्या, पहाटेच्या घंटेला डोळे चोळत उठणाऱ्या आणि गावाकडून पैसे येण्याची वाट पाहणाऱ्या मुलाच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. आकडा ऐकून तो मनाशी ठरवून टाकतो, की हे आपल्यासारख्याचे काम नव्हे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या अठरा तासांचा हिशोब मांडावासा वाटला. ते तास कोठे गेले, कोणाच्या पैशावर, काय खाऊन आणि घरी कोणाच्या पोटाला चिमटा बसून, हे पाहिल्याशिवाय तो विद्यार्थी आपल्याला दिसणार नाही.

हिशोबाची सुरुवात परळच्या डबक चाळीतून करावी लागते. सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईस आले तेव्हा कुटुंबाच्या वाट्याला एकच खोली आली. तीत चूल, जाते, सरपण, माणसे आणि शेजारी बांधलेली शेळी. भीमरावांनी संध्याकाळीच झोपावे, तोवर वडिलांनी जागे राहावे, आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून स्वतः त्या जागेवर आडवे व्हावे, असा नेम होता. चाळ निजलेली असताना मिणमिणत्या दिव्याजवळ अभ्यास होई. पुढच्या काळात ज्या रात्रींचे एवढे कौतुक झाले, त्यांची सवय अशी जागेच्या टंचाईतून लागली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या पालकांना हे गुण ऐकवले तर ते चेहरा पाडतील; पण त्या दिवशी सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा केळुसकरांनी आधीच हेरून ठेवला होता.

एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश झाला, पण पेन्शनीत कुटुंब चालविणाऱ्या सुभेदारांना तो खर्च झेपेना. पुन्हा केळुसकरच धावले. त्यांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. प्राध्यापक म्युलर पुस्तके देत, कपडेही देत. त्याच कॉलेजातला उपाहारगृहवाला मात्र या विद्यार्थ्याला चहा तर सोडाच, पाणीही देत नसे. वर्गात शेक्सपिअर आणि मधल्या सुटीत कोरडा घसा, असे ते कॉलेजजीवन. शाळेत संस्कृत नाकारल्यामुळे घ्यावी लागलेली फारसी आणि इंग्रजी हे विषय घेऊन ते बी. ए. झाले. निकालानंतर काही दिवसांतच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रात्री दोनला उठविणारे वडील गेले.

त्याच वर्षी ४ जून रोजी भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला. अमेरिकेत तीन वर्षे उच्च शिक्षण, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी. शिष्यवृत्तीची मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. या तारखा विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवाव्यात. अठरा तासांचे मूळ त्यांत आहे.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात आठवडाभर राहिले. जेवण नीट शिजलेले नसे आणि त्यात गोमांस असे, त्यामुळे ते मानवेना. तेथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, जेथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने मुक्काम पडला आणि एक आयुष्यभराची मैत्री जुळली. पहिले काही महिने या तरुणाने अभ्यासाकडे फारसे लक्ष दिले नाही. मित्रमंडळी, खेळ, नाटके, रात्रीच्या गप्पा यांत दिवस गेले. आपल्या भाषणांतून हा भाग गाळला जातो. मला तो गाळावासा वाटत नाही. बावीस वर्षांचा माणूस पहिल्यांदाच अशा गावी आला होता, जेथे टेबलावर शेजारी बसणारा त्याची जात विचारत नव्हता. ज्याला कॉलेजात पाणी मिळाले नव्हते, त्याने चार महिने मोकळेपणाने हिंडून घेतले, तर त्यात नवल ते काय? भानावर यायला त्याला कोणी उपदेशक लागला नाही. आपण कोणाच्या पैशावर आलो आहोत आणि मागे कोण राहिले आहे, याचा विचार एके रात्री त्याच्या मनाला भिडला आणि दिनक्रम पालटला.

याच सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले होते. आपल्या समाजाची सुधारणा हवी असेल तर मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे, असा त्यात आग्रह होता. नाटके पाहण्याचे दिवस आणि हे पत्र एकाच काळातले आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतरचा काळ ग्रंथालयाचा. साडेअकरा पौंडांतून काही रक्कम घरी पाठवावी लागे, म्हणून जेवणाला कात्री लागली. एक पेला कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा अथवा मासळीचा एखादा पदार्थ, यावर भागे. पैसा उरला तर तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. असे करीत सुमारे दोन हजार ग्रंथ जमले. अभ्यासक्रमांची यादी पाहिली म्हणजे भूक कशाची होती ते कळते : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. पदवीसाठी एवढ्याची गरज नव्हती. तीन वर्षांनी ही दारे बंद होणार, हे ठाऊक असलेल्या माणसाची ती निवड आहे. सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन, शॉटवेल यांच्या वर्गांत ते बसले; कोलंबियातले हे अध्यापक आणि सहाध्यायी आपले सर्वोत्तम मित्र होते, असे त्यांनी पुढे नमूद केले. लाला लजपतराय त्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी या तरुणाला राजकीय चळवळीत ओढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आधी अभ्यास पुरा करण्याचे उत्तर मिळाले. काही टीकाकार यावरून आजही नाक मुरडतात. ज्याची शिष्यवृत्ती महिन्यांत मोजलेली आहे, त्याने दुसरे काय करावे, हे त्यांनी सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

जून १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. वय पंचवीस. परळच्या चाळीतला अनुभव आणि वर्गातले मानववंशशास्त्र एका टेबलावर आले ते त्या दिवशी. त्याच वर्षी पीएच. डी.चा प्रबंधही सादर झाला. परंतु छापील प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे आणि छपाईला पैसे नव्हते. ग्रंथ १९२५ मध्ये निघाला, पदवी १९२७ मध्ये मिळाली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. पण मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलाविले. चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची सवलत विद्यापीठाने दिली, एवढाच आधार. ग्रंथ वेगळ्या जहाजाने रवाना केले होते. युद्धाचे दिवस, पाणतीराने ते जहाज बुडाले. थॉमस कुक कंपनीकडून सुमारे सहाशे रुपये भरपाई आली आणि तीच बडोद्याच्या प्रवासाला उपयोगी पडली. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशावर हा विद्वान नोकरीला निघाला. तेथे कचेरीतील शिपाई कागद दुरून फेकीत आणि राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग सर्वांस माहीत आहे, म्हणून विस्तार करीत नाही. एवढेच सुचवितो, की लिव्हिंग्स्टन हॉलचा सोबतीही पारशीच होता, आणि पुढे लंडनला जाण्यासाठी पाच हजार रुपये त्यानेच उसने दिले.

१९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी मिळाली. परळच्या पोयबावडीतील सुधार ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहून, पगारातील ठरावीक रक्कम घरखर्चाला देऊन बाकी साठवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, भथेनांनी कर्ज दिले आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत सुरू झालेले ‘मूकनायक’ इतरांच्या हाती सोपवावे लागले.

या वेळी दरमहा रक्कम पाठविणारे संस्थान मागे नव्हते. एकोणतीस वर्षांचा, संसारी, कर्जबाजारी विद्यार्थी. घरमालकीण कडक. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी अथवा मुरांबा आणि चहा. मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दार उघडण्याच्या वेळी आत शिरणाऱ्या पहिल्या वाचकांत ते असत आणि बंद होताना रखवालदाराला त्यांना उठवावे लागे. दुपारच्या जेवणात वेळही जातो आणि पैसाही, म्हणून ते बहुधा टळे. रात्री बोव्हरिलचा पेला, बिस्किटे, लोणी. दहाच्या सुमारास पोटात आग पडे. एका परिचित गुजराती गृहस्थाने पापडांची चळत दिली होती. त्यांतले चार पापड भाजायचे, वर पेलाभर बोव्हरिल घ्यायचे आणि पहाटेपर्यंत वाचायचे. खोलीतील सोबत्याने झोपण्याचा आग्रह केला, की जेवायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळे. त्या उत्तरात बढाई नव्हती, ते जमाखर्चाचे उत्तर होते.

त्याच जमाखर्चाचा दुसरा रकाना पोयबावडीत होता. रमाबाई मोजक्या पैशांत घर चालवीत होत्या. या वर्षांतच पोटची मुले दगावण्याचे दुःख त्यांनी सोसले. लंडनहून पत्रे येत, त्यांत काटकसरीची विनवणी असे आणि स्वतःच्या उपासाची कबुलीही. चरित्रकार अभ्यासाचे तास मोजतात; रमाईंच्या तासांची नोंद कोणत्याही विद्यापीठात नाही. बाबासाहेबांनी मात्र ती ठेवली होती. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ पुढे त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला.

जून १९२१ मध्ये एम. एस्सी., पुढच्या वर्षी बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला. त्यातील ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना खटकली आणि तो पुन्हा लिहून आणण्यास सांगण्यात आले. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतून त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि प्रबंध टपालाने लंडनला धाडला. वर्षअखेर डी. एस्सी. पदवी मिळाली. डिसेंबरात निघालेल्या त्या ग्रंथाला प्राध्यापक कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि अर्पणपत्रिकेत आईवडिलांचा उल्लेख आहे. डबक चाळीतल्या दिव्याचे देणे असे फिटले म्हणावे काय? मला ठाऊक नाही; पण रामजींना ते पाहता आले नाही, याची रुखरुख वाटते.

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तेथे जाणे आपल्या मुलांना सहज साध्य नाही. पण वाशीहून लोकल पकडून, कुर्ल्यास गाडी बदलून परळला उतरता येते, आणि पोयबावडी तेथून चालत गाठता येते. ऐरोलीचे स्मारक तर आपल्या नवी मुंबईतच आहे. तेथे नेलेल्या एका मुलाने मला विचारले होते, की बाबासाहेबांना परीक्षेची भीती वाटत असे का. मी तेव्हा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज त्याला रुपयाच्या प्रबंधाची गोष्ट सांगेन.

शिक्षण आटोपल्यावर त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांत वसतिगृह होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात ते सुरू केले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, त्यामागे त्यांचाच पाठपुरावा होता. आपल्या घरांतून तिला ‘भारत सरकारची’ एवढेच म्हणतात. ती उशिरा आली की काय होते, हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांनी अनुभवले असेल. मीही एका सत्रात परीक्षेचे शुल्क मित्राकडून उसने घेऊन भरले आहे. जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले होते. तास आटोपून ती मुले आपापल्या कचेऱ्यांत जात.