विल्यम हर्शेल : रंगांच्या पट्ट्याबाहेर थर्मामीटर ठेवणारा संगीतकार

टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तिथे काहीच नसतं. रिमोट ज्या किरणांनी टीव्हीशी बोलतो, ते अवरक्त किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत.

रेडिओ लहरी, सूक्ष्मलहरी, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडं आहेत. त्यांच्यात फरक आहे तो तरंगलांबीचा. या भल्यामोठ्या वर्णपटात आपल्याला दिसतो तो भाग साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, म्हणजे अगदीच चिंचोळा. या पट्ट्याच्या पलीकडेही किरण आहेत, हे पहिल्यांदा प्रयोगाने दाखवलं विल्यम हर्शेल यांनी, १८०० साली. गंमत म्हणजे ते मूळचे संगीतकार.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये झाला. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायचे. मुलगाही त्याच बँडमध्ये लागला. पुढे युद्ध पेटलं आणि १७५७ मध्ये हा तरुण इंग्लंडला निघून गेला. संगीताच्या शिकवण्या, मैफली असं करत करत १७६६ मध्ये बाथ शहरातल्या एका चॅपेलमध्ये त्यांना ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली. १७७२ मध्ये धाकटी बहीण कॅरोलिन यांनाही ते इंग्लंडला घेऊन आले.

इथेच त्यांना आकाशाचं वेड लागलं. मोठ्या दुर्बिणी परवडेनात, म्हणून ते घरीच आरसे घडवू लागले. तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा घासून गुळगुळीत करताना मध्येच हात थांबवून चालत नसे. एकदा हे घासणं सलग १६ तास चाललं आणि कॅरोलिन त्यांना घास भरवत राहिल्या. १७८१ मध्ये तळघरात मोठा आरसा ओतताना वितळलेला धातू फरशीवर सांडला, फरशीचे दगड फुटून उडू लागले आणि सगळ्यांनी जीव घेऊन बाहेर धाव घेतली.

त्याच वर्षी १३ मार्चला घराच्या मागच्या बागेतून आकाश न्याहाळताना त्यांना एक वेगळाच ठिपका दिसला. आधी तो धूमकेतू वाटला. प्रत्यक्षात तो नवा ग्रह होता, युरेनस. राजे तिसरे जॉर्ज यांनी त्यांना वर्षाला २०० पौंडांची नेमणूक दिली. संगीतातल्या कमाईपेक्षा ही रक्कम कमीच, पण हर्शेल यांनी बाथ सोडलं आणि काही वर्षांनी ते स्लाव या गावी स्थायिक झाले.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. दुर्बिणीतून सूर्य पाहायचा तर मध्ये रंगीत काचा लावाव्या लागतात. हर्शेल यांच्या लक्षात आलं, की काही काचांतून उजेड फारसा येत नाही, तरी डोळ्याला उष्णता जाणवते. तर काहींतून उजेड भरपूर, पण उष्णता कमी. मग कुठला रंग किती तापवतो? प्रश्न डोळे सांभाळण्याचा होता.

त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग टेबलावर पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तुलनेसाठी आणखी थर्मामीटर सावलीत ठेवले. हा प्रयोग भरवशाचा ठरतो तो यामुळेच. जांभळ्यात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात ३ अंशांहून थोडा जास्त, तांबड्यात जवळपास ७ अंश. तांबड्याकडे उष्णता वाढत जाते, तर तांबडा रंग संपल्यावर काय होतं, हे पाहायला त्यांनी थर्मामीटर रंगाच्या बाहेर, अंधाऱ्या जागेत सरकवला. पारा तिथेही चढला. उष्णता सगळ्यात जास्त होती तीही तांबड्याच्या पलीकडेच. (यात लोलकाचाही हात आहे: तो तांबड्या बाजूचे किरण दाटीने आणि जांभळ्या बाजूचे विरळ पसरवतो.) तेव्हा हर्शेल ६१ वर्षांचे होते.

हे किरण आरशावरून परावर्तित होतात, भिंगातून वळतात, हेही त्यांनी तपासलं. सुरुवातीला त्यांचा कल उष्णता आणि प्रकाश एकच मानण्याकडे होता. पण वर्ष संपता संपता त्यांनी उलटा निष्कर्ष काढला, की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण उजेड पिवळ्या-हिरव्यात सर्वाधिक दिसत होता, तर उष्णता तांबड्याबाहेर. दोन टेकड्या एकमेकींवर बसेनात. खरं तर वेगळी होती ती मापं. उजेड मोजत होता डोळा, ज्याला पिवळा-हिरवा रंग सगळ्यात जास्त जाणवतो. उष्णता मोजत होता थर्मामीटर, ज्याला रंगाशी देणंघेणं नाही. तेव्हा हे त्यांच्या ध्यानात येणं अवघडच होतं. तसे त्यांचे काही अंदाज भलतेच असत. सूर्याच्या तेजस्वी ढगांखाली थंड जमीन आहे आणि तिथे वस्ती आहे, असंही त्यांना वाटे.

१८०१ मध्ये जर्मनीतल्या योहान रिटर यांनी दुसऱ्या टोकाला शोध घेतला. जांभळ्याच्या पलीकडे ठेवलेलं सिल्व्हर क्लोराइड झपाट्याने काळं पडलं आणि अतिनील किरण सापडले. हे सारे एकाच जातीचे आहेत हे कळायला मात्र वेळ लागला. २५ ऑगस्ट १८२२ रोजी हर्शेल वारले, तेव्हाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणिताने मांडलं १८६० च्या दशकात, आणि हाइनरिश हर्ट्‌झ यांनी रेडिओ लहरी निर्माण करून ते प्रयोगाने दाखवलं १८८८ च्या सुमारास.

युरोपीय अंतराळ संस्थेने १४ मे २००९ रोजी साडेतीन मीटर व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण अवकाशात सोडली, तिचं नाव ‘हर्शेल’. अतिथंड धुळीच्या ढगांतून येणारे, लांब तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपणं हे तिचं काम. दुर्बीण स्वतः गरम असली तर तिच्याच किरणांत बाहेरचे किरण बुडून जातात, म्हणून तिची उपकरणं द्रवरूप हेलियमने गार ठेवलेली असत. एप्रिल २०१३ मध्ये तो हेलियम संपला आणि निरीक्षणं थांबली.