राउथ-हुरविट्झच्या मागचे प्राध्यापक

आपल्या शाळेतल्या सरांविषयी आणि बाईंविषयी या स्मरणिकेत तुम्ही सगळे भरभरून लिहालच. मी लिहितेय ते ज्यांच्या वर्गात मी कधी बसले नाही अशा एका शिक्षकांविषयी. त्यांचं नाव ऑरेल स्टोडोला.

आपल्यापैकी जे इंजिनिअरिंगला गेले, त्यांना ‘कंट्रोल सिस्टिम्स’मधली राउथ-हुरविट्झ कसोटी आठवत असेल. हमखास मार्क देणारा प्रश्न! त्यातल्या हुरविट्झ यांना मूळ प्रश्न घातला तो स्टोडोलांनी.

स्टोडोलांचा जन्म १८५९ चा, आजच्या स्लोव्हाकियातल्या लिप्टोव्स्की मिकुलाश गावचा. वडिलांचा चामड्याचा धंदा होता. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून त्यांनी कारखान्यात नोकरी केली आणि १८९२ मध्ये ते तिथेच प्राध्यापक म्हणून परतले.

पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनचा वेग स्थिर कसा ठेवायचा, यावर ते काम करत होते. भार वाढला की वेग मंदावतो, मग गव्हर्नर जास्त पाणी सोडतो. पण त्याचा परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो. तोवर पाणी गरजेपेक्षा जास्त होतं, वेग वाढतो, मग पाणी पुन्हा कमी करावं लागतं. हे हेलकावे शमणार की वाढत जाणार? सगळे बारकावे धरले तर समीकरण सातव्या घाताचं होत होतं. मुळं न काढताच उत्तर मिळेल का, असं त्यांनी गणिताचे प्राध्यापक आडोल्फ हुरविट्झ यांना विचारलं. हुरविट्झ यांनी १८९५ मध्ये कसोटी प्रसिद्ध केली आणि डावोसच्या टर्बाइनसाठी ती वापरलीही गेली. इंग्लंडमध्ये एडवर्ड राउथ १८७७ मध्येच वेगळ्या वाटेनं तिथे पोचले होते, हे झुरिकमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. कसोटीला नावं लागली ती या दोघांची.

स्टोडोला मात्र पुढच्या कामाला लागले. १९०३ मध्ये आलेला त्यांचा वाफेच्या टर्बाइनवरचा ग्रंथ इंजिनिअरांचा आधार ठरला. पहिल्या महायुद्धात हात गमावलेल्यांसाठी त्यांनी सर्जन फर्डिनांड झाउअरब्रुख यांच्याबरोबर कृत्रिम हात तयार केला. १९२९ पर्यंत शिकवलं. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी, ऐंशीच्या घरात असताना, नोशातेलच्या वीजनिर्मितीच्या गॅस टर्बाइनची चाचणी त्यांनीच घेतली. १९४२ मध्ये ते गेले.

माझ्या कामातही तोच जुना प्रश्न भेटतो. ताण वाढला की आपोआप सर्व्हर वाढवणारी व्यवस्था उशिरा जागी होते, नको तितके सर्व्हर चालू करते, मग घाईनं बंद करते. अशा वेळी टीममधली नवी मुलं एकेकटी झगडत बसतात, शेजारच्याला विचारायला कचरतात. त्यांना मी स्टोडोलांची गोष्ट सांगते. स्वतः प्राध्यापक असून दुसऱ्या प्राध्यापकाकडे प्रश्न घेऊन जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्यातले जे आज शिक्षक आहेत, त्यांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.