वारस नसलेला घड्याळवाला

आजोबांचं जुनं रोलेक्स कपाटात सापडलं, तर सोलापूरच्या उन्हात नि धुळीत ते टिकलं कसं? उत्तर हान्स विल्सडॉर्फच्या आयुष्यात आहे.

जन्म १८८१चा, जर्मनीतला. बाराव्या वर्षी आई-वडील गेले. घरचा धंदा नातेवाइकांनी विकला, पण पोराला शिकवलं. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या व्यापारात नोकरी करून तो लंडनला आला आणि १९०५ मध्ये अल्फ्रेड डेव्हिससोबत स्वतःचा धंदा काढला.

तेव्हा पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे. मनगटी म्हणजे बायकांचा दागिना! ते अचूक चालत नाही, असाच समज. विल्सडॉर्फ हटला नाही. १९१४ मध्ये त्याच्या मनगटी घड्याळाला इंग्लंडच्या क्यू वेधशाळेचं ‘अ’ श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं. मग धूळ-पाण्याशी लढाई. १९२६ मध्ये बंदिस्त ‘ऑयस्टर’ आलं. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ इंग्लिश खाडीत दहा तासांहून जास्त पोहली, तरी तिच्याजवळचं ऑयस्टर चालूच! १९३१ मध्ये हाताच्या हालचालीवर चावी भरणारं घड्याळ आलं.

१९४४ मध्ये पत्नी वारली. मूलबाळ नव्हतं. त्याने संस्था स्थापली आणि कंपनी तिच्या हाती दिली. १९६० मध्ये तो गेला. मालकी आजही त्या संस्थेकडेच आहे.

म्हणूनच आजोबांचं घड्याळ बनवणारी कंपनी आजही शाबूत आहे. आतलं तेल वाळतं, सील कडक होतात, सर्व्हिसिंग हवंच. फक्त देताना आधीच विचारा: जुनी डायल, जुने काटे बदलणार का? आजोबांनी वेळ पाहिली ती त्यांच्यावरच.