पहाटे चारची वाट

पहाटे चार वाजले की टस्कीगीच्या वसतिगृहातल्या एका खोलीचं दार हळूच उघडायचं. जुना कोट, खांद्याला अडकवलेला पत्र्याचा डबा, किंचित पुढे झुकलेली उंच आकृती. हा माणूस अंधारातच रानाची वाट धरायचा. उजाडल्यावर परत यायचा तेव्हा डब्यात काय नसायचं? शेवाळं, बुरशी धरलेली पानं, एखादं अनोळखी रोपटं, रंगीत चिकणमातीची ढेकळं. आणि कोटाच्या काजात त्या दिवसाचं ताजं फूल. मग हात धुऊन प्रयोगशाळा, वर्ग, शेत असा कामाचा दिवस सुरू.

लोकांना वाटायचं, प्रोफेसरसाहेब नमुने गोळा करायला जातात. ते खरंच होतं. पण त्यांच्या स्वतःच्या लेखी ती प्रार्थनेची वेळ होती. देवाचं बोलणं ऐकायचं तर जग जागं व्हायच्या आत त्याच्या बागेत जावं, अशी त्यांची साधी श्रद्धा.

हे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. आपल्याला काही ते परके नाहीत. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ मध्ये आलं आणि हा अमेरिकन कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ मराठी घरातलाच एक होऊन गेला. कितीजणींना ते पुस्तक शाळेत बक्षीस म्हणून मिळालं असेल! भुईमुगाच्या शेंगेतून शेकडो वस्तू काढणारा किमयागार ही त्यांची ओळख आपल्या मनात पक्की आहे. आज मात्र बघायचं आहे ते त्यांच्या पहाटेच्या वाटेकडे. कारण एक प्रश्न राहून राहून मनात येतो. ज्याच्या तोंडावर जगानं जन्मापासून दारं लावली, त्या माणसाच्या मनात एवढी आशा आणि गवताच्या पात्याबद्दलही एवढं कौतुक आलं तरी कुठून?

सुरुवातच बघा ना. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात डायमंड ग्रोव्ह नावाची वस्ती. तिथे मोझेस आणि सुझन कार्व्हर या गोऱ्या दांपत्याची शेती. त्यांनी विकत घेतलेली मेरी नावाची गुलाम मुलगी म्हणजे जॉर्जची आई. जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारासचा. नक्की साल त्यालाही कधी कळलं नाही. गुलामाच्या बाळाची तारीख लिहून कोण ठेवणार? वडील एका अपघातात गेलेले. अन् तान्ह्या जॉर्जला आईसकट लुटारूंनी पळवून नेलं. मोझेसनं माणूस पाठवून शोध घेतला. बाळ तेवढं मिळालं, त्याच्या बदल्यात मोझेसनं एक घोडा दिला. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही.

जॉर्जला आणि त्याच्या थोरल्या भावाला, जिमला, सुझनबाईंनीच वाढवलं. जॉर्ज अंगानं अगदी काटकुळा, सारखा खोकल्यानं बेजार. शेतातली जड कामं त्याला झेपायची नाहीत, म्हणून तो सुझनबाईंच्या हाताखाली राहिला. रांधणं, धुणं, शिवण, विणकाम सगळं शिकला. क्रोशाचा टाका नुसता बघून उचलायचा! आणि घरकामातून सुटका झाली की थेट रानात.

त्या रानात त्यानं स्वतःची एक गुपित बाग केली होती. झुडपांआड, कुणाला दिसू नये अशी. फुलांचं वेड मुलाला शोभत नाही असं मोठी माणसं म्हणायची ना, म्हणून लपवलेली. मरगळलेलं रोप तिथे आणायचं, माती बदलायची, ऊन-सावली बघायची, रोज जाऊन विचारपूस करायची. हळूहळू आजूबाजूच्या बायका आपली सुकलेली झाडं घेऊन त्याच्याकडे येऊ लागल्या. ते पोर पंचक्रोशीत झाडांचा डॉक्टर झालं.

देवाची ओळखही त्याला अशीच झाली, अगदी अचानक. दहाएक वर्षांचा असताना शेजारचा एक गोरा मुलगा खेळायला आला होता. उद्या रविवारच्या शाळेला जाणार, तिथे गाणी म्हणतात, प्रार्थना करतात, असं तो सहज बोलून गेला. प्रार्थना म्हणजे काय, हे जॉर्जला ठाऊक नव्हतं. मित्रानं त्याला जमेल तसं समजावलं. तो गेल्यावर जॉर्ज कोठाराच्या माळ्यावर चढला, मक्याच्या पिंपाशेजारी गुडघे टेकले आणि सुचेल तसं देवाशी बोलला. ना पाद्री, ना घंटा, ना मेणबत्ती. आपल्या श्रद्धेची सुरुवात तिथून झाली, असं ते म्हातारपणापर्यंत सांगत.

त्याच वयातली आणखी एक आठवण ते रंगवून सांगायचे. त्याला एक खिशातला चाकू हवा होता. पैसे कुठून येणार? एका रात्री स्वप्न पडलं, की मक्याच्या शेतात अर्धवट खाल्लेल्या कलिंगडात चाकू खुपसलेला आहे. सकाळी उठून धावत गेला तर खरंच तसा चाकू होता! आपण याला योगायोग म्हणू. त्या अनाथ पोराच्या मनात मात्र एक गोष्ट ठसली. या शिवारात आपण एकटे नाही, आपलं ऐकणारं कुणीतरी आहे.

पण शिवाराबाहेरचं जग वेगळं होतं. जवळच्या शाळेच्या इमारतीत रविवारी प्रार्थनेला बसायची त्याला मुभा होती. सोमवारी त्याच इमारतीत शिकायला मात्र बंदी, कारण कातडीचा रंग! मग बारा-तेरा वर्षांचा जॉर्ज काळ्या मुलांच्या शाळेसाठी आठ-दहा मैल चालत निओशो गावी गेला. रात्री एका अनोळखी कोठारात झोपला. सकाळी त्या घरची बाई बाहेर आली तेव्हा तिला हे पोर सापडलं. तिचं नाव मारिया वॉटकिन्स. स्वतः गुलामी भोगलेली, सुईणीचं काम करणारी, लोकांचे कपडे धुऊन संसार करणारी. तिनं त्याला घरात घेतलं. त्यानं आपलं नाव कार्व्हरचा जॉर्ज असं सांगितलं, तेव्हा तिनं ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं. कुणाचा कशाला, आजपासून तू जॉर्ज कार्व्हर! या मारियामावशीनं त्याला झाडपाल्याची औषधं दाखवली, चर्चमध्ये नेलं आणि एक बायबल दिलं. ते बायबल त्यांनी शेवटपर्यंत जपलं. शीक आणि शिकलेलं आपल्या लोकांना परत दे, ही तिची शिकवणही.

यानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे नुसती वणवण. कॅन्सास राज्यातल्या फोर्ट स्कॉट गावात १८७९ मध्ये एका काळ्या माणसाला जमावानं फरपटत नेऊन जाळलं. कोवळ्या वयाच्या जॉर्जनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि ते गाव सोडलं. ते दृश्य आयुष्यभर त्याचा पाठलाग करत राहिलं. पुढे धुण्याभांड्याची कामं करत तो शिकला. हायलँड इथल्या कॉलेजनं पत्रानं प्रवेशही दिला, पण हा दारात उभा राहिल्यावर रंग बघून परत पाठवलं.

मग त्यानं काय केलं? पश्चिम कॅन्सासच्या उघड्या माळावर जमीन घेतली, गवताळ मातीच्या ढेपा रचून घर बांधलं, शेती केली. आणि त्या मातीच्या घरातसुद्धा रोपटी जमवली! रान हे त्याचं दुःख विसरायचं ठिकाण होतं, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, दुःख तो विसरला नव्हता. पण माणसांनी हाकललं तरी पेरलेलं बी उगवतं, ते रंग विचारत नाही, हा अनुभव त्याला रोज मिळत होता. त्याची आशा या रोजच्या अनुभवावर उभी होती.

आणि वाटेत पुन्हा पुन्हा कुणीतरी बाई उभी राहिली. आयोवा राज्यात विंटरसेटच्या चर्चमध्ये त्याचं गाणं ऐकून हेलन मिलहॉलंड यांनी त्याला घरी बोलावलं आणि पुन्हा कॉलेजचा प्रयत्न करायला लावला. १८९० मध्ये सिम्प्सन कॉलेजनं त्याला घेतलं. तिथे तो चित्रकला शिकत होता. फुलापानांची चित्रं बघून त्याच्या शिक्षिका एटा बड यांच्या लक्षात आलं, की या मुलाला झाडं आतून कळतात. त्यांचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. बाईंनीच त्याला १८९१ मध्ये तिकडे धाडलं. त्याचं निवडुंगाचं चित्र १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वाखाणलं गेलं, ते वेगळंच.

एम्सला पहिल्याच दिवसांत त्याला विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसू दिलं नाही. तळघरात मजुरांबरोबर जेवायला सांगितलं. हे कळल्यावर त्याच्या ओळखीच्या मिसेस लिस्टन नावाच्या बाई आपला ठेवणीतला पोशाख आणि हॅट घालून मुद्दाम आल्या. दिवसभर त्याच्याबरोबर कॉलेजच्या आवारात उघडपणे हिंडल्या आणि तळघरात त्याच्या शेजारी बसून जेवल्या. भाषण नाही, भांडण नाही. त्यानंतर वातावरण बदललं, असं कार्व्हर यांनी पुढे आवर्जून नमूद केलं.

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातल्या टस्कीगीला गेले आणि सत्तेचाळीस वर्षं तिथेच राहिले. तिथली जमीन वर्षानुवर्षं कापूस घेऊन निकस झालेली. गुलामीतून सुटलेली माणसं कर्जाच्या विळख्यात. प्रयोगशाळेला सामान नाही, तर विद्यार्थ्यांना घेऊन उकिरड्यावरून बाटल्या, डबे, तारा गोळा करून आणल्या. पहाटे रानात दिसलेल्या गोष्टी आता कामाला येऊ लागल्या. पानांचा कुजलेला थर बघून कंपोस्ट खताचा धडा. भुईमूग आणि चवळीसारख्या पिकांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, म्हणून कापसाआड ती पिकं घ्या, हा सल्ला. रंगीत चिकणमातीपासून घरं आणि चर्चच्या भिंती रंगवायचा फुकटचा रंग!

बायकांसाठी त्यांचं खास लक्ष असायचं. भाज्या वाळवून, टिकवून कशा ठेवायच्या, बांधावरच्या रानभाज्या कशा करायच्या, हे ते स्वतः रांधून दाखवत. आपल्याकडचा चाकवत असतो ना, तोच तिकडे तण म्हणून उपटून टाकायचे. कार्व्हर सांगायचे, देवानं दारात वाढून ठेवलंय, खा की! १९०६ पासून तर शेतीची अवजारं आणि बियाणं भरलेली घोडागाडीच गावोगाव फिरू लागली. चाकांवरची शाळाच म्हणा.

पुढे सोंडकिड्यानं कापसाची बोंडं फस्त केली आणि शेतकरी भुईमुगाकडे वळले. मग एवढ्या शेंगांचं करायचं काय? या प्रश्नाची गोष्ट ते मिश्कीलपणे सांगत. त्यांनी म्हणे देवाला विचारलं, विश्व कशासाठी केलंस? उत्तर आलं, तुझ्या आकाराचं काहीतरी विचार. मग माणसाबद्दल विचारलं, तेही मोठंच. शेवटी शेंगदाण्याबद्दल विचारलं, तेव्हा कुठे शिकवणी सुरू झाली! त्यातून तीनशेच्या आसपास उपयोग निघाले. यातले फार थोडे बाजारात चालले आणि पीनट बटर काही त्यांनी शोधलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांचं मोठेपण त्या यादीत मोजता येत नाही. १९१६ मध्ये त्यांनी शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली, ती गरिबाच्या चुलीसाठी.

१९०७ पासून दर रविवारी संध्याकाळी ते मुलांसाठी बायबलचा वर्ग घेत. हजेरीची सक्ती नाही, तरी मुलांची गर्दी. कारण हातात नुसतं पुस्तक नसायचं. एखादं फूल, दगड, शेंग घेऊन यायचे आणि त्यातून ओव्या उलगडाव्यात तशी उत्पत्तीची कथा उलगडायची.

या श्रद्धेची त्यांना किंमतही मोजावी लागली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला चर्चच्या एका सभेत त्यांनी आपल्या कामाचं श्रेय देवाच्या प्रेरणेला दिलं. एका बड्या वर्तमानपत्रानं अग्रलेखात झोडपलं, शास्त्रज्ञाला हे शोभत नाही म्हणून. कार्व्हर दुखावले. त्यांनी शांतपणे लिहून कळवलं, की आपण अभ्यास, ग्रंथ, प्रयोग काही सोडलेलं नाही. प्रेरणा आणि माहिती या दोन्ही लागतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला? तीच वाट.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीला त्यांचं निधन झालं. आयुष्यभराची साठ हजार डॉलर्सच्या आसपासची बचत त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये डायमंडच्या त्या शेताला अमेरिकेचं राष्ट्रीय स्मारक म्हणून मान्यता मिळाली. कृष्णवर्णीय माणसाच्या नावाचं तिथलं हे पहिलंच. ज्या रानात त्यानं बाग लपवली होती, तिथे आज पायवाट आहे, ओढा आहे, आणि शाळेची पोरं मोकळेपणी हिंडतात.

आपल्याला पहाटे चारला रान कुठलं मिळायला! पण गॅलरीत कुंडी असते, सोसायटीच्या भिंतीच्या फटीतून उगवलेलं पिंपळाचं रोप असतं. चहा उकळेपर्यंतची पाच मिनिटं असतात. कार्व्हर तिथेही थांबले असते, वाकून पान उलटून बघितलं असतं. आणि एक फूल कोटाला लावून कामाला गेले असते.