पेरावूर ते मोन्टिकियारी : जिमी जॉर्ज यांची झेप

भातकापणी आटोपल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात दोन खांब रोवून जाळे बांधले, की व्हॉलीबॉलचे मैदान तयार होते. गोमंतकातील गावांना हे दृश्य नवे नाही. कोकण किनाऱ्याच्या दक्षिणेला, केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील पेरावूर या गावीही व्हॉलीबॉलचे असेच वेड होते. तेथून निघालेल्या एका तरुणाने भारतीय व्हॉलीबॉलला युरोपात ओळख मिळवून दिली. त्या तरुणाचे नाव जिमी जॉर्ज.

जिमी यांचा जन्म ८ मार्च १९५५ रोजी झाला. वडील स्वतः व्हॉलीबॉल खेळलेले. मुलांना खेळाचे पहिले धडे त्यांनीच दिले. घरात आठ भाऊ आणि आठही जण व्हॉलीबॉलपटू. केवळ भावंडांचाच संघ मैदानात उतरल्याचे दुर्मीळ दृश्य केरळने पाहिले. जोस आणि सेबास्टियन हे भाऊही भारताकडून खेळले. धाकटे बंधू रॉबर्ट बॉबी पुढे अ‍ॅथलेटिक्सकडे वळले. लांब उडीपटू अंजू बॉबी जॉर्ज या त्यांच्या पत्नी.

वयाच्या सोळाव्या वर्षी जिमी केरळच्या संघात आले. ते उत्तम जलतरणपटू होते, अभ्यासातही हुशार होते. त्यांना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. मध्यमवर्गीय घरात डॉक्टर होण्याची संधी सहसा कोणी सोडत नाही. जिमी यांनी मात्र १९७६ मध्ये ते शिक्षण अर्धवट सोडले आणि केरळ पोलीस दलात नोकरी पत्करली, कारण तेथे त्यांना खेळता येणार होते. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते.

उंच झेप आणि त्या झेपेच्या टोकावरून मारलेला जोरकस फटका ही त्यांच्या खेळाची ओळख होती. पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये जाळ्याची उंची २.४३ मीटर असते. त्याही वर झेपावून, समोरच्यांची भिंत कोठे उघडी आहे हे हेरून चेंडू मारायचा असतो. शिवाय त्या काळी गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळत असे. प्रत्येक चढाईवर गुण देण्याची पद्धत १९९० च्या दशकाअखेरीस रूढ झाली. त्यामुळे सामने लांबत आणि मुख्य आक्रमकाच्या दमाची कसोटी लागे. त्या कसोटीला उतरलेल्या जिमी यांची गणना ऐंशीच्या दशकात जगातील अव्वल आक्रमकांत होऊ लागली.

१९७९ पासून काही वर्षे ते अबू धाबीतील क्लबकडून खेळले. १९८२ मध्ये ट्रेव्हिसोच्या संघात दाखल होऊन इटलीच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणारे ते पहिले भारतीय व्हॉलीबॉलपटू ठरले. भारतीय खेळाडूने परदेशी क्लबशी करार करणे ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. परदेशात नाव आणि पैसा मिळत असतानाही देशाच्या संघाशी त्यांचे नाते तुटले नाही.

ऑलिम्पिकचे दार मात्र भारतासाठी बंदच राहिले. आशिया खंडाच्या वाट्याला येणाऱ्या जागा मोजक्या. १९७२ चा ऑलिम्पिक विजेता जपान, चीन आणि दक्षिण कोरिया यांना मागे टाकल्याशिवाय पात्रता मिळवणे अशक्य होते. भारताच्या पुरुष संघाला आजवर ते साधलेले नाही. त्यामुळे भारतीय खेळाडूंसाठी आशियाई क्रीडा स्पर्धा हेच सर्वांत मोठे व्यासपीठ ठरले. जिमी तेथे तीनदा खेळले : १९७४ मध्ये तेहरान, १९७८ मध्ये बँकॉक आणि १९८६ मध्ये सेऊल.

सेऊलमध्ये या परिश्रमांचे फळ मिळाले. चीन आणि यजमान दक्षिण कोरिया यांनी पहिले दोन क्रमांक पटकावले, परंतु बलाढ्य जपानला नमवून भारताने कांस्यपदक जिंकले. १९६२ मध्ये जकार्ता येथे मिळालेल्या रौप्यपदकानंतर तब्बल चोवीस वर्षांनी व्हॉलीबॉलमध्ये भारताला आशियाई पदक मिळाले. सिरिल वल्लूर, अब्दुल बासित यांसारख्या सहकाऱ्यांचाही त्यात मोलाचा वाटा होता.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्याच १९८७ साली, ३० नोव्हेंबर रोजी, इटलीत झालेल्या मोटार अपघातात जिमी जॉर्ज यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. खेळातील उमेदीची काही वर्षे अजून शिल्लक होती आणि परदेशात कमावलेला अनुभव मायदेशातील मुलांना देणे राहून गेले होते.

तिरुवनंतपुरम येथील बंदिस्त क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. उत्तर इटलीतील मोन्टिकियारी या गावानेही आपल्या क्रीडागृहाला ‘पालाजॉर्ज’ असे नाव देऊन त्यांची आठवण जपली. परक्या देशातील गावाने भारतीय खेळाडूला असा मान द्यावा, हे फार क्वचित घडते.

सेऊलनंतर, २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत, भारताच्या पुरुष संघाला आशियाई क्रीडा स्पर्धेत व्हॉलीबॉलचे पदक मिळालेले नाही. हांगझोऊत भारताने दक्षिण कोरियाला पाच सेटच्या लढतीत हरवले. पण उपांत्यपूर्व फेरीत जपानने वाट अडवली. गावोगावच्या मैदानांवर खेळ जिवंत असूनही ही मजल का गाठता येत नाही, असा प्रश्न जिमी जॉर्ज यांचे चरित्र आजही विचारत राहते. त्यांच्या मागे आठ भावंडांचे मैदान होते, घरातच प्रशिक्षक होता आणि खेळू देणारी नोकरी होती. उत्तराचा शोध तेथूनच सुरू करावा लागेल.