बंकिमबाबूंचा सल्ला आणि रमेशचंद्र दत्त

हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिणारे म्हणून अभ्यासकांना आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांचे दिवाण म्हणून बडोदेकरांना रमेशचंद्र दत्त परिचित आहेत. ते बंगाली भाषेतील मान्यवर कादंबरीकार होते, हे मात्र मराठी वाचकांस फारसे ठाऊक नसते. हे कादंबरीकारपण त्यांना एका स्नेहातून लाभले.

रमेशचंद्रांचा जन्म १८४८ साली कलकत्त्यास झाला. इंग्रजीत काव्यलेखन करणाऱ्या घराण्यात ते वाढले. १८६८ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी व बिहारीलाल गुप्त या मित्रांसह घरच्यांच्या नकळत ते विलायतेस गेले आणि सनदी सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८७१ साली सरकारी नोकरीत रुजू झाले. शिक्षण इंग्रजी, कारभार इंग्रजी. तेव्हा लेखणीही इंग्रजीच चालावी, हे ओघानेच आले.

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय त्यांच्याहून दहा वर्षांनी वडील. रमेशचंद्रांच्या वडिलांशी त्यांचा जुना स्नेह होता. १८७२ साली बंकिमबाबूंनी ‘बंगदर्शन’ मासिक काढले. त्या सुमारास झालेल्या एका भेटीत त्यांनी रमेशचंद्रांना बंगालीत लिहिण्याचा आग्रह केला. आपल्याला बंगाली लेखनशैली अवगत नाही, असा संकोच रमेशचंद्रांनी व्यक्त केला. त्यावर, सुशिक्षित तरुण जे लिहितील तीच शैली ठरेल, असे बंकिमबाबूंनी समजावले. दत्त घराण्यातील इंग्रजी कविता टिकणार नाही, मधुसूदनांची बंगाली कविता मात्र टिकेल, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. स्वकीयांच्या लेखनाविषयीचे असे परखड बोल ऐकून घेणे सोपे नसते. रमेशचंद्रांनी ते मनावर घेतले.

१८७४ साली ‘बंगविजेता’ प्रसिद्ध झाली. पाठोपाठ ‘माधवीकंकण’, ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ आणि ‘राजपूत जीवनसंध्या’ या कादंबऱ्या आल्या. यांपैकी १८७८ सालची ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही शिवछत्रपतींच्या उदयकाळावरील. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ मराठीत येण्यापूर्वी सुमारे सतरा वर्षे बंगाली वाचक महाराजांची कथा वाचत होता, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने स्मरावी अशी आहे.

दोघांना जोडणारा आणखी एक धागा होता, तो म्हणजे बंगालच्या रयतेची दुःस्थिती. बंकिमबाबूंनी ‘बंगदर्शना’त शेतकऱ्यांची कैफियत मांडली, रमेशचंद्रांनी १८७४ साली त्याच विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १८९४ साली बंकिमबाबू निवर्तले, तरी रयतेचा हा ध्यास रमेशचंद्रांनी सोडला नाही. १८९९ साली त्यांनी लखनौ येथील काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. १९०० साली दुष्काळ व सारा-आकारणी यांविषयी लॉर्ड कर्झन यांना अनावृत पत्रे लिहिली आणि १९०२ व १९०४ साली आर्थिक इतिहासाचे दोन खंड प्रसिद्ध केले.

१९०४ साली महाराजांनी त्यांना महसूलमंत्री म्हणून बडोद्यास पाचारण केले. जे लेखणीने मागितले ते कारभारात उतरवण्याची संधी त्यांना येथे लाभली. न्यायखाते अंमलदारांच्या हातून वेगळे करण्याच्या कामी त्यांचा मोठा वाटा होता. १९०९ साली ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी बडोद्यासच त्यांचे देहावसान झाले.

आज त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा त्यांचा इंग्रजी आर्थिक इतिहासच अधिक वाचला जातो, हे मान्य केले पाहिजे. म्हणून बंकिमबाबूंचा सल्ला व्यर्थ गेला असे नव्हे. राज्यकर्त्यांना जाब विचारण्यासाठी रमेशचंद्रांनी राज्यकर्त्यांची भाषा वापरली. स्वजनांशी बोलण्यासाठी मात्र ते मातृभाषेकडे वळले. स्वभाषेच्या प्रांताबाहेर राहून ग्रंथालयाच्या रूपाने ती भाषा जपणाऱ्यांना या भेदाचे मोल वेगळे सांगावयास नको.