मागच्या बाकावरील मुलांचे कर्मवीर

सातारा शहरात आम्हा सर्वांना नतमस्तक करणारी दोन स्थळे आहेत. आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाणारी शाळा हे त्यांतील पहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेच्या दप्तरात भिवा रामजी आंबेडकर या बालकाचे नाव नोंदले गेले. दुसरे स्थळ म्हणजे छत्रपती शाहू बोर्डिंगचा परिसर. पहिल्या ठिकाणी एका असामान्य बुद्धीच्या मुलाला जातीमुळे वर्गात इतरांपासून दूर बसावे लागले. दुसऱ्या ठिकाणी, पाव शतकानंतर, सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली आणि एका छपराखाली अभ्यास करू लागली. हा बदल घडवून आणणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः शाळेत हुशार विद्यार्थी म्हणून कधीच गणले गेले नव्हते. त्यांच्या चरित्राची हीच बाजू या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले. त्याचे कारणही सांगतो.

आमच्या वसतिगृहात दर जून महिन्यात नवी मुले येतात. त्यांतील काही मुलांचे पालक प्रवेशाच्या वेळीच मान खाली घालून सांगतात की, मुलगा जरा ढ आहे, सांभाळून घ्या. मूल शेजारीच उभे असते आणि सर्व ऐकत असते. अक्षर व उच्चार यांची सांगड न बसणे, आकडेमोड डोक्यात न राहणे, फळ्यावरचे वहीत उतरविताना मागे पडणे, अशा अडचणींना आज अध्ययन अक्षमता असे नाव आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेशही झाला आहे. परंतु नाव मिळाले म्हणून त्या मुलाच्या मनातील भीती आपोआप जात नाही. ती भीती कशी घालवावी, याचे उत्तर शोधताना आम्हांला वारंवार भाऊरावांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने त्यांच्या बदल्या होत, आणि त्यांच्याबरोबर मुलाच्या शाळाही बदलत. लहानपणी भाऊरावांचे लक्ष पुस्तकापेक्षा रानावनात, तालमीत आणि सवंगड्यांत अधिक रमे. अन्याय मात्र त्यांना सहन होत नसे. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या बालपणाची आठवण सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची आज्ञा झाली, ती त्यांनी मानली नाही आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. महाराजांचा सहवास हेच त्यांचे खरे विद्यापीठ ठरले.

वर्गातील प्रगती मात्र यथातथाच राहिली. गणित हा विषय त्यांना कायम अडवीत असे. या मुलास वरच्या वर्गात घालता येईल काय, अशी विचारणा महाराजांनी गणिताच्या शिक्षकांकडे केली असता, तो बसतो तो बाक एक वेळ वर चढविता येईल, पण त्याला नाही, असे उत्तर मिळाल्याची आठवण आजही सांगितली जाते. भाऊरावांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. त्यांच्या या अडचणीला आजच्या शास्त्रातील एखादे नाव द्यावे, असा आमचा हेतू नाही आणि तो अधिकारही नाही. परंतु नापास मुलाच्या वाट्याला येणारी हेटाळणी, घरच्यांची निराशा आणि स्वतःविषयीची शंका या तिन्हींचा अनुभव त्यांनी घेतला होता, इतके निश्चित.

शिक्षण सुटल्यानंतरचा काळ भटकंतीचा गेला. साताऱ्यात त्यांनी खाजगी शिकवण्या घेतल्या. ज्यास शाळेने शिकविण्यास नालायक ठरविले तोच आता इतरांच्या मुलांना शिकवू लागला, आणि मुले त्याच्याकडे येत राहिली. १९१० साली सहकाऱ्यांसह त्यांनी आजच्या सांगली जिल्ह्यातील दूधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू केला. निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहून शिकण्याचा हा त्यांचा पहिला प्रयोग होता.

याच काळातील एक प्रसंग आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. ज्ञानदेव घोलप या महार समाजातील मुलाला शाळेच्या बाहेर बसून शिकताना भाऊरावांनी पाहिले. ते त्याला घरी घेऊन गेले, जेवू घातले आणि पुढे कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली. हेच घोलप पुढे बाबासाहेबांनी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ पत्राचे संपादक आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. या घटनेतील क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आधी हात धरला, मग घरात घेतले, मग पोटाची सोय पाहिली आणि त्यानंतर पुस्तकाचा विचार केला. भाऊरावांच्या पुढील सर्व कार्यात हा क्रम कधी बदलला नाही.

१९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. ज्यांच्या व्यवस्थेखालील बोर्डिंगमधून आपणांस बाहेर पडावे लागले होते, त्या अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी ती दिली नाही. त्याबद्दल तुरुंगवास आणि असह्य मानसिक यातना त्यांनी भोगल्या. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. त्या भ्रमंतीत शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्यांनी जे पाहिले, त्यातून त्यांच्या कार्याची दिशा पक्की झाली. खेड्यात शाळा नव्हती, आणि जिथे होती तिथे बहुजनांचे मूल मागे पडले तर त्यास पुढे नेणारे कोणी नव्हते. ते गुरे राखायला परत जाई आणि त्याचा विषय तेथेच संपे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सत्यशोधक विचारांची बैठक आणि लोकांनी दिलेले धान्य एवढेच भांडवल होते. १९२४ मध्ये कार्याचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथील बोर्डिंगने आकार घेतला. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगचा दिनक्रम आम्ही शिक्षक म्हणून अभ्यासतो तेव्हा त्यात एक खोल जाण दिसते. मुलांनी पाणी भरायचे, दळायचे, भाकरी करायच्या, कपडे धुवायचे, शेतात राबायचे आणि अभ्यासही करायचा. महार, मांग, चांभार, मराठा, जैन, मुसलमान असा भेद पंगतीत नव्हता आणि चुलीपाशीही नव्हता. याचे सामाजिक मोल सर्वांना ठाऊक आहे. मागे पडणाऱ्या मुलासाठी त्याचे आणखी एक मोल होते. वर्गात मुलाला मोजण्याचे माप एकच असते. वसतिगृहात ती मापे अनेक होतात. ज्याला उतारा वाचता येत नाही त्याची भाकरी उत्तम फुगते, ज्याचे पाढे चुकतात तो मोटेवर सर्वांत भरवशाचा ठरतो, आणि आजारी पडलेल्या लहानग्याजवळ रात्रभर बसणारा बहुधा शेवटच्या बाकावरचाच असतो. आपल्यावाचून इथले काही अडते, हे ज्या मुलाला उमगले त्याची पाठ ताठ होते. मग ते चुकण्याच्या भीतीने तोंड मिटून बसत नाही. शिकण्यास खरा आरंभ तेथून होतो.

या घरपणाचा मोठा वाटा लक्ष्मीबाईंचा आहे. त्यांना मुले वहिनी म्हणत. सुखवस्तू घरातून आलेल्या आणि सोवळेओवळे पाळणाऱ्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले आपल्या स्वयंपाकघरात घेतली. त्यांना न्हाऊ घातले, दुखण्याखुपण्यात जागल्या. माहेरचे दागिने एकेक करून बोर्डिंगच्या खर्चात गेले. एकदा कोठीत धान्य उरले नाही आणि भाऊराव गावी नव्हते, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही मोडले आणि मुलांना उपाशी झोपू दिले नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले. बोर्डिंगमधील मुले त्या दिवशी खऱ्या अर्थाने पोरकी झाली. आईपासून दूर आलेल्या मुलास आधी आईच लागते, शिक्षक नंतर, हे वसतिगृह चालविणाऱ्या प्रत्येकाने लक्ष्मीबाईंकडून शिकावे.

पुढील प्रवास महाराष्ट्रास परिचित आहे. १९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग, १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय, त्यानंतर खेडोपाडी शेकडो प्राथमिक शाळा, १९४० मध्ये श्रम करून शिकण्याच्या तत्त्वावरील महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन, अशी ही पारंबी पारंबीने वाढलेली संस्था. वटवृक्ष हेच तिचे बोधचिन्ह आहे. यात अध्यापक विद्यालयाचा क्रम लक्षणीय आहे. हायस्कूल आणि कॉलेज यांच्या आधी भाऊरावांनी शिक्षक घडविण्याचा विचार केला. खेड्यातील मुलाची भाषा, त्याचे दारिद्र्य आणि त्याचा संकोच ज्यास समजतो असा शिक्षक मिळाला नाही, तर शाळेची इमारत त्या मुलाच्या उपयोगी पडत नाही, हे त्यांनी स्वतः सोसून ओळखले होते.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. पदवी अर्पण केली. मॅट्रिकही न झालेल्या विद्यार्थ्यास विद्यापीठाने दिलेला हा मान होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची समाधी साताऱ्यात आहे.

आम्ही धम्माच्या परंपरेतील माणसे. या चरित्राशेजारी आम्हांला भगवान बुद्धांच्या संघातील चूळपंथक भिक्षूची कथा आठवते. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याच्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. रडत निघालेल्या त्या भिक्षूला तथागतांनी थांबविले आणि गाथेऐवजी एक स्वच्छ वस्त्र हातात देऊन ते चोळत राहण्यास सांगितले. हाताने मळत गेलेल्या त्या वस्त्रातून त्याला अनित्यतेचा बोध झाला आणि तो अर्हत्पदाला पोहोचला. गाथा पाठ न होणे हा त्याचा दोष मानला गेला नाही. त्याला झेपेल असा दुसरा मार्ग शोधण्याचे काम शास्त्याने आपल्याकडे घेतले.

आम्हीही प्रवेशाच्या दिवशी पुष्कळदा मुलाच्या आधी त्याची गुणपत्रिका पाहिली आहे, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अध्ययन अक्षमतेची तपासणी, परीक्षेतील जादा वेळ, प्रशिक्षित शिक्षकाचे मार्गदर्शन हे सारे आवश्यक आहे आणि ते मिळविण्यासाठी पालकांनी संकोच करू नये. त्याचबरोबर पंगतीत त्याची जागा, कामात त्याचा वाटा आणि मित्रांत त्याचे नाव हेही त्यास मिळाले पाहिजे. पालकांना आमची विनंती एवढीच की, मूल ऐकत असताना त्यास ढ म्हणू नये. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, आपल्या वर्गातील मागच्या बाकावरच्या मित्राला या स्मरणिकेच्या निमित्ताने शोधावे आणि त्याला सन्मानाने शाळेत घेऊन यावे.

कर्मवीर भाऊराव आणि लक्ष्मीवहिनी यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.